छोट्या सायकलचे दात



माझी सायकल छोटी, २० इंची चाकांची. तिला गिअर नाहीत. आमची वस्ती खालच्या अंगाला आणि शाळेचा रस्ता चढाचा. गेल्या पावसाळ्यात धाकट्या बहिणीला मागे बसवून चाललो होतो. चढावर पायडल जड झालं, सायकल जागीच थांबली आणि आम्ही दोघं आडवे! तिचा गुडघा फुटला. “मी आता चालतच येणार,” असं ती रडत म्हणाली. मला लई वाईट वाटलं.

आण्णांनी सायकल दुकानात नेली. दुकानातले मामा म्हणाले, “आरं, आधी दात तर मोज!”

मी मोजले. पायडलजवळच्या मोठ्या चाकाला, म्हणजे चेनव्हीलला, ३६ दात. मागच्या फ्रीव्हीलला १६. ३६ भागिले १६ म्हणजे सव्वादोन. पायडल एकदा फिरलं की मागचं चाक सव्वादोन वेळा फिरतं. चाकावर खडूची खूण करून एक फेरी मोजली, ती सुमारे १६० सेंटिमीटर भरली. म्हणजे एका पायडलात सायकल ३६० सेंटिमीटर पुढे जाते.

फार पूर्वीच्या उंच सायकलींना चेन नव्हती. पायडल थेट पुढच्या चाकाला असे. म्हणून वेगासाठी चाकच माणसाएवढं मोठं करावं लागे. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी चेनवर चालणारी ‘रोव्हर’ सायकल बनवली. तेव्हापासून लहान चाकही दातांच्या जोरावर पळू लागले.

आता फ्रीव्हील कोणते घ्यावे? मामांनी तीन दाखवले. मी पाटीवर हिशेब केला. एका पायडलात सायकल किती जाते पाहा :

१८ दात : ३२० सेंटिमीटर
२० दात : २८८ सेंटिमीटर
२२ दात : सुमारे २६२ सेंटिमीटर

मागचे दात वाढले की अंतर कमी होते, पण पायाला जोरही कमी लागतो. एस.टी.चे ड्रायव्हरकाका घाटात खालचा गिअर टाकतात, गाडी हळू चालते पण चढते. तसंच हे! काकांना गिअर बदलता येतो, आपल्याला येत नाही. म्हणून एकच निवडायचा, तर सर्वांत अवघड रस्ता बघून निवडावा.

२२ घेतले असते तर सपाट रस्त्यावर पाय नुसते गरागरा फिरले असते. म्हणून २० घेतले. १६ च्या मानाने जोर पाचवा भाग कमी लागतो. फ्रीव्हील मोठे झाले म्हणून मामांनी चेनीत दोन कड्या वाढवल्या. मधोमध दाबल्यावर चेन अर्धा इंच हलावी, फार ताणू नये, असेही सांगितले.

आता सपाटीला माझा मित्र पुढे निघून जातो. जाऊ दे! चढावर बहीण मागे बसलेली असते आणि आम्ही परिपाठाच्या आधी पोचतो.

तुम्हीही आपल्या सायकलचे दात मोजा. पण सायकल उभी असतानाच, आणि फिरत्या चेनीत बोट घालू नका!

— इयत्ता सहावीचा एक विद्यार्थी, येडशी