यंत्रातला मालकंस

गोंदियात वरातीपुढे डीजे सुरू झाला की आम्ही म्हातारे म्हणतो, ‘यंत्राचं संगीत, परदेशी खूळ!’ पण १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग या हिंदी चित्रपटसंगीतातल्या वादकाने रोलँडच्या तीन यंत्रांवर भैरव, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. एचएमव्हीची ती तबकडी फारशी खपली नाही. त्यांपैकीच एका यंत्रातून, टीबी-३०३ मधून, शिकागोत ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचे नृत्यसंगीत जन्मले. त्याची गाजलेली तबकडी निघाली १९८७ मध्ये. २०१० साली ‘बॉम्बे कनेक्शन’ या छोट्या डच कंपनीने सिंगांची तबकडी पुन्हा काढली, तेव्हा जग थक्क झाले. २०१५ मध्ये ते गेले. उतारवयात दाद मिळाली, तीही परक्यांकडून. बँकेच्या भाषेत ही आपली थकबाकी. घरातली मुले असले काही वाजवू लागली, तर दार लावण्याआधी घटकाभर ऐकावे.