स्टोरी ऑफ ॲन अवर, द

अमेरिकन लेखिका केट शोपॅन (१८५०–१९०४) हिची प्रसिद्ध लघुकथा. एप्रिल १८९४ मध्ये लिहिलेली ही कथा त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी व्होग ह्या नियतकालिकात ‘द ड्रीम ऑफ ॲन अवर’ ह्या शीर्षकाने प्रसिद्ध झाली. विवाह आणि स्त्रीचे स्वातंत्र्य ह्यांच्यातील ताण हा तिचा विषय असून प्रतीके आणि उपरोध ह्यांच्या साहाय्याने तो सु. एक हजार शब्दांत मांडलेला आहे.

कथेची नायिका मिसेस मॅलर्ड हृदयविकाराने आजारी आहे. तिचा पती ब्रेंटली आगगाडीच्या अपघातात मरण पावल्याची बातमी त्याचा मित्र रिचर्ड्‌झ वृत्तपत्राच्या कचेरीतून आणतो आणि बहीण जोसेफीन ती तिला जपून, आडवळणाने सांगते. ऊर फुटेपर्यंत रडल्यावर ती एकटीच आपल्या खोलीत जाते. तेथे, आपण आता मुक्त आहोत, ही जाणीव तिला हळूहळू व्यापून टाकते. प्रथम ती तिला विरोध करते, मग तिचे स्वागत करते. तासाभराने ती खाली येत असतानाच ब्रेंटली सुखरूप घरी परततो. अपघातस्थळापासून तो दूर होता. त्याला पाहताच तिचा मृत्यू होतो. अतिहर्षाने तिचे हृदय बंद पडले, असे डॉक्टर सांगतात.

कथेतील प्रतीके साध्या घरगुती वस्तूंतून घडविलेली आहेत. उघड्या खिडकीतून वसंतातील पालवी, पावसाचा गंध, फेरीवाल्याची हाळी, चिमण्यांचा चिवचिवाट आणि ढगांआडून दिसणारे निळे आकाश नायिकेपर्यंत पोहोचते. शोकाच्या घटकेला बाहेरचे जग नव्याने जिवंत होत असते. खोलीचे दार मात्र तिने स्वतः लावून घेतलेले आहे. दुबळे हृदय हे शारीरिक व्याधीबरोबरच दडपलेल्या मनाचेही सूचक आहे. ‘लुईझ’ हे तिचे स्वतःचे नाव मुक्तीची जाणीव झाल्यानंतरच, दाराबाहेरून बहीण हाक मारते तेव्हा, प्रथम ऐकू येते. तोवर तिची ओळख पतीच्या नावानेच होते. अखेरीस बाहेरचे दार ब्रेंटली आपल्याजवळच्या किल्लीने उघडतो. घरावरील त्याचा सहज अधिकार ह्या लहानशा कृतीतून सूचित होतो.

उपरोध कथेच्या रचनेतच आहे. दुसऱ्या तारेने खात्री करून घेतलेली बातमी खोटी ठरते. तिच्या हृदयाला धक्का बसू नये म्हणून सर्व जपतात. तो धक्का बसतो पती जिवंत असल्याचे पाहून. आदल्याच दिवशी दीर्घायुष्याच्या कल्पनेने शहारलेली लुईझ आता दीर्घायुष्याची प्रार्थना करते आणि काही क्षणांतच मरते. दाराबाहेरच्या बहिणीला ती शोकाने आजारी पडेल अशी भीती वाटते, तेव्हा आत ती नव्या आयुष्याची स्वप्ने पाहत असते. डॉक्टरांच्या निदानातील नाट्यगत उपरोध सर्वांत तीव्र आहे : तिचा आनंद कशाचा होता, हे फक्त वाचकाला ठाऊक असते.

ब्रेंटलीला लेखिकेने दुष्ट रंगविलेले नाही. तो पत्नीवर प्रेम करणारा आहे. त्यामुळे कथेचा रोख एका वाईट पतीवर नसून, एका माणसाने दुसऱ्यावर आपली इच्छा लादण्याच्या हक्कावर आहे. हा हक्क प्रेमळ हेतूने बजावला, तरी लुईझला तो जाचकच वाटतो. काही समीक्षकांना तिच्या अनुभवात आत्मभानाचा उदय दिसतो. इतरांच्या मते ते खोट्या बातमीवर उभारलेले स्वप्न होय. मूळ शीर्षक दुसऱ्या अर्थाला पोषक आहे. तथापि बातमी खोटी असली, तरी तिने उघड केलेली लुईझची गरज खोटी ठरत नाही.

शोपॅनच्या वडिलांचे १८५५ मध्ये रेल्वे-अपघातातच निधन झाले होते. दि अवेकनिंग (१८९९) ह्या तिच्या कादंबरीवर कठोर टीका झाली आणि पुढे ती बरीचशी विस्मृतीत गेली. पेर सेयरस्टेड ह्यांनी १९६९ मध्ये तिचे समग्र साहित्य संपादित केल्यानंतर स्त्रीवादी समीक्षेने तिच्याकडे नव्याने लक्ष वेधले. तेव्हापासून ही कथा इंग्रजी कथासंग्रहांतून व अभ्यासक्रमांतून सातत्याने आढळते.