दौलताबादच्या दरवाजाशी मुलांना काय सांगणार?

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडल्या की सहलींचा हंगाम सुरू होतो. आमच्या खारीगावातली, भाईंदर पूर्वेच्या चाळीचाळींतली मुले घरी एक कागद घेऊन येतात. त्यावर ठिकाणांची नावे, भरायची रक्कम आणि खाली पालकांच्या सहीसाठी एक रेघ असते. लहान वर्गांची सहल असेल तर एखादे वॉटर पार्क, मोठ्या वर्गांची असेल तर छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचे औरंगाबाद. बीबी का मकबरा, पाणचक्की, दौलताबादचा किल्ला, वेरूळ आणि वेळ मिळाला तर अजिंठा. कागदाच्या माथ्यावर ‘शैक्षणिक सहल’ असे लिहिलेले असते. त्या सहलीत शिक्षण किती आणि भटकंती किती, हा प्रश्न सही करताना आपल्यापैकी किती जण विचारतात?

वाचकहो, याच शहराकडे, याच रस्त्याने एक सहल १९३४ साली गेली होती. त्या सहलीत विश्वभूषण डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी आग्रह धरला की कुठेतरी पाहायला जाऊ, आणि त्यात वेरूळची बौद्ध लेणी असलीच पाहिजेत. सुमारे तीस माणसे बस आणि मोटारी भाड्याने घेऊन नाशिकहून येवल्यामार्गे निघाली. आपला कार्यक्रम त्यांनी मुद्दामच जाहीर केला नाही. का? तर अस्पृश्य प्रवाशाच्या वाट्याला जे येते ते टाळावे म्हणून! कोलंबिया विद्यापीठाची आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची पदवी घेतलेला, गोलमेज परिषदेत साऱ्या जगासमोर बोललेला बॅरिस्टर आपल्याच देशातली लेणी पाहायला लपतछपत निघाला होता.

दौलताबादच्या किल्ल्याशी ते पोहोचले तेव्हा रमजानचा महिना होता. दरवाजाबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला एक लहान हौद होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काही जणांनी त्या पाण्याने हातपाय, तोंड धुतले आणि सगळे दरवाजात शिरले. तेवढ्यात एक म्हातारा मागून ओरडत आला की या लोकांनी पाणी बाटवले. पाहता पाहता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. गावातल्या आपल्या माणसांनाही दमदाटी झाली. शेवटी बाबासाहेबांनी विचारले की आमच्यातला कोणी उद्या मुसलमान झाला तर त्यालाही तुम्ही हे पाणी नाकारणार का? त्या प्रश्नावर जमाव गप्प झाला. किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण एका अटीवर. आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही आणि ते पाहायला एक हत्यारबंद शिपाई बरोबर राहील! बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली छापले.

आज त्याच दरवाजातून आपली मुले आत जातात. त्यांना रामदेवराय यादवाची राजधानी सांगितली जाते, दिल्ली सोडून आलेला तुघलक सांगितला जातो. मेंढा तोफ, चाँद मिनार, काळोखी अंधारी सगळे दाखवले जाते. ते सांगायलाच हवे, तोही इतिहासच आहे. पण राजघराण्यांच्या पलीकडचा इतिहास सांगायची वेळ आली की सहलीची बस नेमकी सुटायला कशी येते?

हा प्रसंग कोणा एका धर्माच्या माणसांना बोल लावण्यासाठी वापरायचा नाही, हे आपल्या मुलांना स्पष्ट सांगितले पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्या माणसांवर हल्ला करणारे सनातनी हिंदू होते. त्या तळ्याचा दावा दहा वर्षे चालला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने लागला. म्हणजे दौलताबादचा शिपाई बाबासाहेबांच्या मागे पाण्यावर लक्ष ठेवत चालत होता, तेव्हा महाडच्या पाण्याचा खटला संपायचाच होता. जात ही एका धर्माच्या कुंपणात राहत नाही, हा तर त्या प्रसंगाचा धडा आहे.

वकील म्हणून मला या दरवाजाशी आणखी एक गोष्ट आठवते. संविधानाचे कलम १५ उघडून पाहा. त्याच्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे आणि करमणुकीची ठिकाणे यांच्या पाठोपाठ विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा उल्लेख आहे. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात विहीर आणि तलाव हे शब्द का आले असतील? परीक्षेसाठी कलमाचा क्रमांक पाठ करणाऱ्या मुलाला हे कळत नाही. दौलताबादच्या दरवाजाशी पाच मिनिटे उभे करून सांगितले, तर सातवीच्या पोरालाही कळेल. नागरिकशास्त्राचा तास घ्यायला याहून चांगली जागा महाराष्ट्रात थोड्याच असतील.

हीच गोष्ट त्या शहरातल्या इतर ठिकाणांची. मकबऱ्यापुढे फोटो काढून बस वळते. पण त्याच्या मागच्या डोंगरात औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत, तिकडे किती सहली जातात? बाबासाहेबांनी १९५० साली मराठवाड्यातल्या मुलांसाठी महाविद्यालय सुरू केले. त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा, नागसेन हा उत्तर देणारा भिक्खू. विद्यार्थ्याने प्रश्न विचारावा आणि शिक्षकाने उत्तर द्यावे, एवढा मोठा अर्थ त्या दोन नावांत आहे. जवळच विद्यापीठ आहे. १४ जानेवारी १९९४ रोजी झालेल्या त्याच्या नामविस्तारासाठी माणसांनी जीव दिले, घरेदारे जळालेली पाहिली. हे पाहायला तिकीट लागत नाही, फक्त पाहायची इच्छा लागते.

आता त्या कागदावरच्या रकमेविषयी. नाका कामगाराच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या घरात दोन मुले एकाच वर्षी सहलीला पाठवणे सोपे नसते. पैसे भरले नाहीत त्या मुलाला ‘तुझी इच्छा नव्हती’ असे म्हणून घरी बसवले जाते. सहल ऐच्छिक आहे, हे उत्तर कायद्याच्या बारीक अक्षरांत टिकेलही. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ सांगते की शिक्षण संविधानातील मूल्यांना धरून असावे आणि मुलांनी कृतीतून, शोधातून शिकावे. सहल हे असे शिक्षण असेल, तर ते ऐपतीवर कसे ठेवता येईल? एस.टी. महामंडळ शालेय सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत देते. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे. उरलेल्या खर्चासाठी शाळा, पालक संघ आणि वस्तीतली मंडळे मिळून काही करू शकत नाहीत काय? जयंतीच्या डीजेवर आपण काय उधळतो, त्याचा हिशेबही एकदा याच कागदाच्या पाठीवर मांडावा.

आणि तेही जमले नाही, तर ऐतिहासिक शहर आपल्या उंबऱ्याशी आहे. भाईंदरहून लोकल पकडली की खाडी ओलांडून तिसरे स्टेशन नालासोपारा, म्हणजेच प्राचीन शूर्पारक बंदर. तिथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरुड राजाच्या कोटातला स्तूप उकरून काढला. त्याच सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. या आठव्या लेखाचा विषय काय आहे? सहल! पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी यात्रा काढत. अशोक राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला गेला आणि त्याने धम्मयात्रा सुरू केल्या. त्यात श्रमण-ब्राह्मणांची आणि वृद्धांची भेट, दान, गावोगावच्या लोकांशी बोलणे आणि धम्माविषयी विचारपूस असे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका सम्राटाला सहलीचा हेतू बदलावासा वाटला. आपल्या शाळांना तो अजून का वाटू नये?

म्हणून यंदा तो कागद घरी आला की नुसती सही करून परत पाठवू नका. शाळेत जा. दौलताबादच्या दरवाजाशी मुलांना काय सांगणार ते विचारा. नागसेनवन आणि औरंगाबादची लेणी यादीत घालायला सांगा. पैसे नाहीत म्हणून वर्गातले कोण मागे राहिले, त्यांची नावे विचारा. शिक्षकांना वेळ नसेल तर तो प्रसंग मुलांना वाचून दाखवायला आपल्यातला एखादा शिकलेला माणूस बसमध्ये बसू द्या. वस्तीत पदवीधरांची आता कमी नाही. १९३४ साली बाबासाहेबांबरोबर हत्यारबंद शिपाई चालला होता. आज आपल्या मुलांबरोबर निदान एक जाणता माणूस तरी चालला पाहिजे.