लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह पाहिजेच का? माझं उत्तर, हिशोबासकट



मागच्या महिन्यात सांगलीच्या बॅचनंतर एक मुलगा थांबला. विट्याजवळच्या गावात त्याला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकायचंय. लॅपटॉप घ्यायला तीन दुकानं फिरून आला होता.

"मॅडम, नवीन एकाही लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नाही. वडील म्हणतात, ज्यात सीडी चालत नाही तो कसला कॉम्प्युटर? एक जुना मिळतोय ड्राइव्हवाला, अठरा हजारात. घेऊ का?"

मी त्याला उलट विचारलं, "गेल्या वर्षभरात तू किती वेळा सीडी घातलीस?"

तो हसला. म्हणाला, "एकदा. तीपण आजीच्या एमआरआयची."

याच विषयावर व्हिडिओ केला, पण पाच मिनिटांत सगळं मावलं नाही. इथे नीट सांगते. कारण हा प्रश्न फक्त लॅपटॉपचा नाही. एखादी वस्तू बाजारातून जाते तेव्हा दुकानदाराने काय करायचं, हा तो प्रश्न आहे. आणि त्यात मी एकदा चांगलीच आपटले आहे.

ड्राइव्ह गेला कशामुळे?

कंपन्यांनी पैसे वाचवायला काढला, असं गिऱ्हाईक म्हणतं. तेही थोडं खरं आहे, पण मोठं कारण जागा. लॅपटॉपचा डीव्हीडी ड्राइव्ह आधी १२.७ मिलिमीटर जाडीचा यायचा, नंतर ९.५ चा आला. नुसता ड्राइव्हच एवढा जाड म्हटल्यावर लॅपटॉप पातळ होणार कसा? ती जागा बॅटरीला दिली, तर चार्जिंग जास्त टिकतं.

दुसरं कारण, त्यात फिरणारी मोटर आणि सरकणारी लेन्स. जे हलतं ते बिघडतं. साताऱ्यात माझ्या दुकानात रिपेअरला आलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये ट्रे न उघडणं आणि डिस्क न वाचणं ही अगदी रोजची तक्रार होती.

तिसरं कारण क्षमता. सीडीवर ७०० एमबी, साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी. आज मी विकते तो सगळ्यात छोटा पेनड्राइव्ह ३२ जीबीचा आहे. म्हणजे सहा डीव्हीडी एका किल्लीच्या जुडग्यात!

ॲपलने २००८ मध्ये मॅकबुक एअर आणला, त्यात ड्राइव्ह नव्हता. लोकांनी नावं ठेवली. २०१६ मध्ये त्यांनी ड्राइव्ह असलेला शेवटचा मॅकबुक प्रोही बंद केला. आणि त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये आपल्याकडे जिओ आलं. गाणी, पिक्चर, सॉफ्टवेअर, सगळं मोबाइलच्या नेटवर यायला लागलं. डिस्क विकत घ्यायचं कारणच संपलं. कोऱ्या सीडी-डीव्हीडी बनवणारी, स्वस्तात पिक्चरच्या डिस्क घरोघरी पोचवणारी मोझर बेअर ही आपल्याच देशातली मोठी कंपनी. २०१८ मध्ये ती लिक्विडेशनमध्ये गेली.

माझे सत्तावीस हजार

आता माझी गोष्ट. २०१६ च्या दिवाळीआधी डिस्ट्रिब्युटरचा माणूस स्कीम घेऊन आला. कोऱ्या डीव्हीडीचे ५० चे डबे, साठ घेतले तर साडेचारशेला एक. मी मनात गणित मांडलं. लग्नसराई तोंडावर, साताऱ्यातले सात-आठ फोटोग्राफर माझ्याकडून माल नेतात, दोन महिन्यांत उडेल. सत्तावीस हजार रुपये रोख दिले.

त्या सीझनला फोटोग्राफर आले, पण पेनड्राइव्ह मागायला. एक जण म्हणाला, "ताई, पार्टीच पेनड्राइव्ह मागते. टीव्हीला मागून लावला की चालतो."

बीबीएला इन्व्हेंटरीचा अख्खा पेपर दिला होता मी! चांगले मार्कही होते. तरी चुकले. कारण मी मागच्या वर्षीचा खप बघितला, मागच्या तीन महिन्यांचा बघितला नाही. बिलबुक काढून बघितलं असतं तर डबे महिन्याला कमी कमी होत चाललेत, हे शाळेतल्या पोरालाही दिसलं असतं. अकरा डबे अजून माळ्यावर आहेत. मी ते मुद्दाम टाकत नाही. स्कीमवाला आला की एकदा वर बघते.

म्हणून पहिला नियम लिहून घ्या: सूट किती मिळते ते नंतर बघा, वस्तू फिरते किती ते आधी बघा.

पण डिस्क अजून मेलेली नाही

ड्राइव्ह गेला म्हणून डिस्क संपली, असं समजू नका. इथेच धंदा आहे. डिस्क अजून कुणाकडे आहे ते बघा.

दवाखाना: मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून पार कर्नाटकातूनही पेशंट येतात. सीटी स्कॅन, एमआरआय केला की बऱ्याच ठिकाणी फिल्मबरोबर सीडी मिळते. त्यात डायकॉम नावाच्या प्रकारातल्या फाइल असतात. अशी सीडी कॉपी करायला आली तर अख्खी, सगळ्या फोल्डरसकट कॉपी करा. स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सॲप करू नका. डॉक्टर मूळ फाइलमध्ये उजेड कमी-जास्त करून, एकेक थर पुढे-मागे सरकवून बघतात. फोटोत ते जमत नाही.

कोर्ट: सीसीटीव्हीचं फुटेज, कॉल रेकॉर्डिंग कोर्टात द्यायचं तर वकील आजही अनेकदा सीडी मागतात. यावर सुप्रीम कोर्टाचा १४ जुलै २०२० चा गाजलेला निकाल महाराष्ट्रातल्याच खटल्यातला आहे, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. जालना मतदारसंघात २०१४ ला उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, असा वाद होता आणि निवडणूक कार्यालयातलं रेकॉर्डिंग व्हीसीडीवर होतं. कोर्टाने सांगितलं, मूळ यंत्र हजर करता येत नसेल तर कॉपीबरोबर कायद्यातलं प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा, लिहावी लागते. आणि त्या नमुन्यात डीव्हीआर, मोबाइल, पेनड्राइव्हच्या ओळीत सीडी/डीव्हीडी हाही रकाना आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी डिस्क जिवंत आहे. आपण मात्र फक्त कॉपी करून द्यायची. प्रमाणपत्राचं काय ते वकिलांना विचारा म्हणायचं, आपण सल्ला द्यायचा नाही.

डीटीपी आणि ऑफिस: जुनी श्रीलिपी, जुना टॅली, जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर. कित्येक छापखान्यांत आणि संस्थांत अजून सीडीचं पाकीट कपाटात जपून ठेवलेलं असतं.

घर: सगळ्यात मोठं गिऱ्हाईक हेच. लग्न, बारसं, साठी-शांत, गॅदरिंग. साधारण २००३ ते २०१६ या काळातले आपल्या घरातले सगळे आनंद डिस्कवर आहेत आणि ते बघायचं यंत्र घरात उरलेलं नाही.

महापुरानंतरची पिशवी

ऑगस्ट २०१९. कृष्णेला महापूर. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पेठा, गल्ल्या, दुकानं पाण्याखाली. पाणी उतरल्यावर आम्ही साताऱ्याहून दोघं जण तिकडच्या ओळखीच्यांचे कॉम्प्युटर बघायला गेलो. पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवूनच गेलो होतो.

एका घरातला कॉम्प्युटर आठवडाभर गाळात होता. हार्डडिस्क गेली. त्या घरातल्या ताईंनी एक प्लास्टिकची पिशवी पुढे केली. आत चिखलाने माखलेल्या तीन डीव्हीडी. त्यांच्या लग्नाच्या, २०११ च्या. त्या म्हणाल्या, "बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचा आवाज फक्त यात आहे. वरात आली तेव्हा ते माइकवर बोलले होते."

माझ्या बॅगेत नवाकोरा लॅपटॉप होता. ड्राइव्ह नसलेला. आणि "आता कुणाला लागतंय" म्हणून बाहेरून लावायचा ड्राइव्ह मी दुकानातच ठेवून आले होते.

डिस्क साताऱ्याला आणल्या. साध्या वाहत्या पाण्याखाली धरल्या, चिखल आपोआप सुटू दिला, घासला नाही. मऊ कापडाने मधून कडेकडे पुसल्या, गोल गोल नाही. गोल ओरखडा पडला तर सलग माहिती जाते, आडवा पडला तर ड्राइव्ह बऱ्याचदा सावरून घेतो. सावलीत वाळवल्या. डीव्हीडीत माहितीचा थर दोन प्लास्टिकच्या चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती पाण्यात बऱ्यापैकी टिकते. सीडीचा थर मात्र लेबलच्या लगेच खाली असतो, तिकडून खरवडला की गेला.

तीनपैकी दोन डिस्क वाचल्या. तिसरी काही केल्या उघडली नाही, तीन वेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून बघितली तरी नाही. बाबांचं बोलणं दुसरीत होतं. मी पेनड्राइव्ह घेऊन गेले तेव्हा ताईंनी तो माझ्यासमोर लावला नाही. नंतर एकटीने बघेन म्हणाल्या.

त्या दिवसापासून बाहेरून लावायचा ड्राइव्ह माझ्या बॅगेतून निघालेला नाही.

मग घ्यायचं काय?

विट्याच्या त्या मुलाला मी वहीत तीन पर्याय लिहून दिले.

१. जुना, ड्राइव्हवाला लॅपटॉप, १८ हजार. हा पाचव्या जनरेशनचा निघाला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तू लोकांचे आधार, पॅन, बँकेचे कागद हाताळणार आणि मशीन असुरक्षित? वर्षात एकदा लागणाऱ्या ड्राइव्हसाठी रोज लागणारी गोष्ट घालवू नकोस.

२. नवीन लॅपटॉप आणि बाहेरून लावायचा डीव्हीडी रायटर. रायटर माझ्याकडे साधारण दोन हजाराला पडतो. यूएसबीवर चालतो, दोन-तीन लॅपटॉपला मिळून एक पुरतो, बिघडला तर तेवढाच बदलायचा. घेताना एवढंच बघा: लॅपटॉपला साधा यूएसबी पोर्ट आहे की फक्त टाइप-सी? आणि एका पोर्टची पॉवर पुरते का? दुकानातच लावून, डिस्क घालून बघा.

३. घरात आधीच ड्राइव्हवाला लॅपटॉप असेल तर. त्याला नुसता डिस्कसाठी ठेवा. किंवा ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडी बसवा. मूळ हार्डडिस्कच्या जागी एसएसडी टाका, जुनी हार्डडिस्क कॅडीत. कॅडी घेण्याआधी जाडी मोजा, ९.५ की १२.७. चुकीची आणली तर बसत नाही.

त्याने दुसरा पर्याय घेतला.

यातून धंदा कसा होतो?

मी त्याला आणखी एक गोष्ट सुचवली. दुकानाबाहेर पाटी लाव: "जुन्या लग्नाच्या सीडी-डीव्हीडी पेनड्राइव्हमध्ये करून मिळतील." एका डिस्कचे १२० रुपये. दोन हजाराचा ड्राइव्ह सतरा डिस्कमध्ये वसूल. एका डिस्कला मशीनचा वेळ पंधरा-वीस मिनिटं, पण तुमचे हात पाचच मिनिटं अडकतात. तेवढ्यात दोन फॉर्म भरून होतात.

पण चार गोष्टी पाळा:

- डिस्क वाचली नाही तर पैसे घेऊ नका. आधी सांगा, नंतर नाही.
- पिक्चर आणि गाण्यांच्या कंपनीच्या डिस्क कॉपी करून देऊ नका. कॉपीराइटचा मामला आहे. घरचं शूटिंग तेवढंच घ्या.
- काम झालं की गिऱ्हाईकासमोर पेनड्राइव्ह लावून सुरुवात, मध्य आणि शेवट दाखवा. मग आपल्या मशीनमधली कॉपी पुसा. लोकांच्या घरातल्या गोष्टी आहेत त्या.
- एका पेनड्राइव्हवर थांबू नका म्हणून सांगा. पेनड्राइव्हही जातो. दुसरी कॉपी दुसऱ्या घरी, नातेवाइकाकडे असू द्या. हे सांगलीकरांना वेगळं समजवावं लागत नाही.

आणि हा धंदा कायमचा नाही, हेही सांगते. घरातल्या डिस्क एकदा उतरवून झाल्या की ते गिऱ्हाईक त्या कामाला परत येणार नाही. उन्हात, दमटात पडलेल्या डिस्क खराबही होत चालल्यात. चार-पाच वर्षं चालेल, असा माझा अंदाज. म्हणून यात मोठी गुंतवणूक करू नका, कर्ज तर अजिबात काढू नका. दोन हजारात जे होतं तेवढंच करा आणि आलेल्या गिऱ्हाईकाशी नातं जोडा. आज डिस्क घेऊन आलेली बाई उद्या मुलाच्या ॲडमिशनचा फॉर्म भरायला तुमच्याकडेच येईल.

तर उत्तर काय? लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह नको. दुकानात मात्र एक हवाच.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या दुकानात किंवा ठरवलेल्या धंद्यात सहा महिन्यांत न हललेल्या तीन वस्तू शोधा. प्रत्येकीपुढे लिहा, वस्तू संपलीये की फक्त तिची जागा बदललीये? पुढच्या बॅचला वही घेऊन या, आपण एकत्र बघू.

आणि हो, आज घरी गेल्यावर कपाटाच्या वरच्या कप्प्यात बघा. तिथे एक पिशवी असेल.