पहिल्या भागाची पत

दि. २ ऑक्टोबर १९८८ रोजी, रविवारी सकाळी, दूरदर्शनवर बी. आर. चोप्रा यांच्या ‘महाभारत’ मालिकेचा पहिला भाग प्रक्षेपित झाला. रामानंद सागर यांचे ‘रामायण’ संपून त्या वेळी जेमतेम दोन महिने झाले होते. २५ जानेवारी १९८७ पासून दीड वर्ष आकाशात एकमेकांना छेदणारे बाण, क्षणात अदृश्य होणारे राक्षस आणि प्रकाशाच्या झोतात प्रकट होणारे देव प्रेक्षकांच्या अंगवळणी पडले होते. तेव्हा नव्या मालिकेने याहून मोठा चमत्कार दाखवून आपले खाते उघडावे, अशी अपेक्षा कोणी केली असती तर त्यात वावगे काही नव्हते. प्रत्यक्षात अंधाऱ्या अवकाशातून एक आवाज ऐकू आला. तो स्वतःला ‘समय’ म्हणवीत होता. त्याच्या पाठोपाठ पडद्यावर एक दरबार उभा राहिला आणि त्या दरबारात एका राजापुढे वारस निवडण्याचा प्रश्न होता.

हा राजा म्हणजे दुष्यंत-शकुंतलेचा पुत्र भरत. त्याला नऊ मुलगे आहेत. तरीही तो भर दरबारात जाहीर करतो की, त्यांपैकी एकही युवराजपदास योग्य नाही. आणि भारद्वाजपुत्र भूमन्यू याला आपला पुत्र मानून तो त्याला युवराज म्हणून घोषित करतो. या प्रसंगात ना अस्त्र आहे, ना वरदान, ना आकाशवाणी. अद्भुताने काठोकाठ भरलेल्या एका प्रचंड कथेची सुरुवात एका प्रशासकीय निर्णयाने व्हावी, ही गोष्ट वरकरणी नीरस वाटण्यासारखी आहे. परंतु पुढच्या ९३ भागांचा डोलारा ज्या पायावर उभा राहिला, तो पाया याच निर्णयाने घातला.

२८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीच्या काळात, या दोन्ही मालिका दूरदर्शनने पुन्हा दाखविल्या. संगणकीय करामती पाहत वाढलेल्या पिढीला त्यांतील बाणांची टक्कर आणि चमकणारी अस्त्रे पोरकट वाटली असल्यास नवल नाही. तंत्र जुने होते, त्याला इलाज नसतो. भरताचा दरबार मात्र जुना होत नाही, कारण तेथे विचारलेला प्रश्न प्रत्येक घरात, प्रत्येक संस्थेत आणि प्रत्येक पक्षात आजही विचारला जातो: मुलगा मोठा की लायकी मोठी?

अद्भुताचे अर्थशास्त्र

अद्भुत कथेचा पहिला भाग कसा असावा, या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. ते नीट समजण्यासाठी अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्याकडे वळणे उपयोगाचे ठरेल. हा धडा टंचाईचा आहे. जी वस्तू अमर्याद आहे तिला किंमत नसते. आणि जेथे कशालाच किंमत नाही तेथे निवड करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ज्या कथेत काहीही घडू शकते त्या कथेची नेमकी हीच अडचण असते. नायक संकटात सापडला आणि आकाशातून हात आला, पुन्हा सापडला आणि पुन्हा हात आला, असे दोनदा झाले की तिसऱ्या वेळी प्रेक्षक चहा टाकायला उठतो.

प्राचीन कथाकारांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून महाभारतातील एकही सामर्थ्य फुकट मिळत नाही. शंतनूला गंगा मिळते ती प्रश्न न विचारण्याच्या अटीवर, आणि तो प्रश्न विचारतो त्या क्षणी ती निघून जाते. देवव्रताला इच्छामरण लाभते, पण त्याचा मोबदला म्हणून राज्य आणि संसार या दोहोंवर त्याला पाणी सोडावे लागते. कर्णाला विद्या मिळते ती खोटे बोलून. म्हणून ऐन वेळी ती त्याच्या स्मरणातून निसटते. प्रत्येक चमत्काराच्या खात्यावर असा खर्च पडलेला आहे. पहिल्या भागाचे खरे काम हा जमाखर्च कोणत्या नियमाने लिहिला जाणार आहे, हे प्रेक्षकाला सांगण्याचे असते.

याला दुसरीही एक बाजू आहे. अद्भुत कथा पाहणारा प्रेक्षक आपला विश्वास आगाऊ उसना देतो. माणूस उडू शकत नाही हे ठाऊक असूनही तो उडताना पाहण्याची त्याची तयारी असते. हे एक प्रकारचे कर्ज आहे आणि पहिला भाग हा त्या कर्जाचा करारनामा आहे. त्यात दिलेली वचने पुढे पाळली गेली तर मालिकेची पत वाढते. फेडता येणार नाहीत एवढी वचने पहिल्याच दिवशी देऊन टाकणारी मालिका लवकरच दिवाळखोरीत निघते.

भरताच्या प्रसंगाने दिलेले वचन साधे होते: या कथेत जन्म आणि योग्यता यांचा झगडा पाहावयास मिळेल. ते शेवटपर्यंत पाळले गेले. शंतनूच्या मोहापायी लायक देवव्रत बाजूला सारला जातो आणि न जन्मलेल्या मुलांसाठी सिंहासन राखून ठेवले जाते, तेव्हा प्रेक्षकाला भरत आठवतो. धृतराष्ट्र पुत्रप्रेमाने दुसऱ्यांदा आंधळा होतो, तेव्हाही भरतच आठवतो. पहिल्या भागाने प्रेक्षकाच्या हाती एक मोजपट्टी दिलेली असते. नंतर तो प्रत्येक पात्र तिने स्वतःच मोजू लागतो.

आरंभ कोठून करावा?

या निवडीमागची कारागिरी पुण्याच्या वाचकाला अधिक जवळची वाटावी. महाभारताचा आरंभ नेमका कोठे, हा प्रश्न याच शहरात अर्धशतक अभ्यासला गेला आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १९२५ पासून डॉ. वि. स. सुखटणकर यांनी त्याची धुरा वाहिली. त्यांच्या हातचे आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले आणि १,२५९ हस्तलिखितांच्या आधारे चाललेला हा सारा उद्योग १९६६ साली सिद्धीस गेला. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे, ही सर्वांच्या आवडीची कथा सुखटणकरांनी हस्तलिखितांचा पुरावा पाहून मूळ संहितेतून काढली आणि परिशिष्टात ठेवली. लोकप्रिय आरंभ बाजूला सारण्यास लागणारे धैर्य या विद्वानापाशी होते.

गंमत अशी की, आपला आरंभ एकच आहे असा दावा खुद्द आदिपर्वही करीत नाही. कोणी मनूपासून, कोणी आस्तीकाच्या कथेपासून, तर कोणी उपरिचर राजापासून भारताचे पठण सुरू करतात, असे ते मोकळेपणाने नमूद करते. ग्रंथाच्या चौकटीत सूतपुत्र उग्रश्रवा नैमिषारण्यात शौनकांच्या सत्राला येतो; तो जनमेजयाच्या सर्पसत्रात ऐकलेली कथा सांगतो; आणि त्या कथेत आणखी कथा उलगडत जातात. सत्र बारा वर्षांचे, तेव्हा श्रोत्यांपाशी सवड होती. दूरदर्शनच्या प्रेक्षकापाशी एका भागात एक तासही नव्हता.

मालिकेच्या कर्त्यांनी चिकित्सक आवृत्तीच आपला प्रमुख आधार मानली होती. तरीही पटकथा-संवादलेखक डॉ. राही मासूम रझा यांनी पाठांतर केले नाही, निवड केली. कथेत कथा गुंफणारी चौकट त्यांनी गाळली, निवेदक मात्र ठेवला. सौतीच्या जागी काळच बोलू लागला आणि हरीश भिमाणी यांच्या आवाजाने त्या निराकाराला ओळख दिली. भूमन्यूच्या बाबतीत केलेला बदल तर अधिकच बोलका आहे. ग्रंथात भरताला हा पुत्र यज्ञ करून, भारद्वाजांच्या कृपेने प्राप्त होतो. म्हणजे तेथे तो दैवी प्रसाद आहे. पडद्यावर तो एका राजाने विचारपूर्वक केलेली निवड ठरला. हाती असलेला चमत्कार लेखकाने पहिल्या भागापुरता मुद्दाम खाली ठेवला आणि त्या जागी माणसाचा निर्णय बसविला.

पूर्वरंगाची परंपरा

मराठी माणसाला ही पद्धत परकी नाही. नारदीय कीर्तनात बुवा एकदम आख्यानाला हात घालीत नाहीत. आधी पूर्वरंग होतो. त्यात एखादा अभंग घेऊन एक सिद्धान्त मांडला जातो, त्याला दाखले दिले जातात, आणि मग उत्तररंगात तोच सिद्धान्त कथेच्या रूपाने उभा राहतो. उत्तररंगात देव धावून आला की श्रोत्याचे डोळे पाणावतात ते पूर्वरंगाने त्याचे मन आधी नांगरून ठेवलेले असते म्हणून. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासूनच्या आरंभीच्या मराठी नाटकांतही सूत्रधार आधी येई आणि राक्षसांचा धुमाकूळ मागाहून. तमाशातही गण आणि गवळण झाल्याशिवाय वगाला तोंड फुटत नाही. ‘समय’ हा या सूत्रधाराच्याच कुळातला होय.

परदेशातील अनुभवही याहून फार निराळा नाही. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवरील ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेचा पहिला भाग २००९ साली चित्रित झाला. निर्मात्यांनी तो काही परिचितांना दाखविला तेव्हा ध्यानात आले की, कथेतील राणी आणि तिचा प्रियकर हे सख्खे भाऊ-बहीण आहेत, हेच पाहणाऱ्यांना कळले नव्हते. ज्या नात्यावर पुढचा सारा अनर्थ उभा, तेच नाते प्रेक्षकापर्यंत पोचले नव्हते. त्या भागाचा बहुतेक अंश पुन्हा चित्रित करावा लागला आणि १७ एप्रिल २०११ रोजी तो नव्या रूपात लोकांपुढे आला.

त्या भागाचा आरंभ भयानक अद्भुताने होतो, हे येथे मान्य केले पाहिजे. बर्फाळ अरण्यात मेलेली माणसे उठतात. परंतु लागलीच पुढे तेथून पळून आलेल्या सैनिकाचा न्यायनिवाडा आहे. त्याने पाहिलेल्या गोष्टीवर कोणाचा विश्वास बसत नाही आणि ज्या सरदाराने शिक्षा फर्मावली तोच स्वतःच्या हाताने ती अमलात आणतो. लहान मुलाला ते पाहावे लागते. भागाच्या शेवटी तोच मुलगा नको ते पाहिल्यामुळे खिडकीतून ढकलला जातो. अद्भुत प्रथम आले तरी चालते, असा याचा अर्थ. मात्र त्याची गाठ लगेच माणसाच्या न्याय-अन्यायाशी बसली पाहिजे.

जेजुरीची कथा आणि आजचा बाजार

हा सारा विचार आज करण्याचे कारण उघड आहे. दूरचित्रवाणी वाहिन्यांचे भवितव्य आठवड्याच्या प्रेक्षकसंख्येवर ठरते. त्यामुळे पहिल्या भागातच होता नव्हता तो दारूगोळा उडवून देण्याकडे निर्मात्यांचा कल असतो. त्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. १९८८ साली बहुतेक घरांत दूरदर्शनखेरीज दुसरे काही लागत नसे. आज प्रेक्षकाचा अंगठा कळीवर तयारच असतो. तो पहिल्या पाच मिनिटांत धरून ठेवला नाही तर सिद्धान्त ऐकायला उरणार कोण? हा युक्तिवाद खोटा नाही, अपुरा आहे. तंत्रचमत्काराने प्रेक्षक थांबतो. पण दुसऱ्या दिवशी तो परत येतो तो काहीतरी अनिर्णित राहिले म्हणून.

मराठीत अशा सामग्रीला तोटा नाही. पुण्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवरील जेजुरीच्या खंडोबावर २०१४ साली ‘जय मल्हार’ ही मालिका झी मराठीवर आली आणि जवळजवळ तीन वर्षे लोकांनी ती आवडीने पाहिली. लोककथेतला खंडोबा म्हाळसेबरोबर सारीपाट खेळतो, पण हरतो. आणि पैज पाळण्यासाठी देव असूनही बारा वर्षे घराबाहेर पडतो, बाणाईच्या वाड्यावर मेंढपाळ होऊन राबतो. देवालाही शब्द मोडता येत नाही, हा नियम एका डावात सांगून टाकणारी याहून चांगली सुरुवात कोणत्या पटकथाकाराला सुचेल? तिला फारशी तंत्रसामग्री लागत नाही. एक पट, काही फासे आणि एकमेकांकडे पाहणारे नवरा-बायको एवढे पुरेसे आहे.

पुण्याच्या विधी महाविद्यालय रस्त्यावर एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर दोन संस्था आहेत. एकीने महाभारताच्या संहितेसाठी अर्धशतक वेचले. दुसरी, प्रभातच्या जुन्या आवारातील फिल्म इन्स्टिट्यूट, १९७४ पासून दूरचित्रवाणीचेही शिक्षण देत आली आहे. मुंबईच्या एका हिंदी मालिकेने पहिल्या संस्थेच्या कामाचा उपयोग केला आणि देशभर नाव मिळविले. मराठी मालिकांच्या लेखकांनी आणि त्यांना पैसा पुरविणाऱ्यांनीही या रस्त्यावरून एकदा सावकाश चालत जावे. करामतींवरील खर्च दर वर्षी वाढतच जाणार आहे आणि त्या शर्यतीत मराठीची थैली हॉलिवूडपुढे नेहमीच लहान राहणार. वारस निवडणाऱ्या राजाचा किंवा डाव हरलेल्या देवाचा प्रसंग लिहिण्यास मात्र भांडवल लागत नाही. आणि त्याची किंमत पस्तीस वर्षांनंतरही उतरत नाही, हे भरताच्या दरबाराने दाखवून दिले आहे.