बी.ए. झाली, आता शिक्षिका कधी?



वसतिगृहातली एखादी मुलगी इतिहास घेऊन बी.ए. झाली की मंडळीतून लगेच विचारणा सुरू होते, "मग आता शिक्षिका कधी होणार?" विचारणारे आपुलकीनेच विचारतात. त्यांच्या देणगीतून तिची फी भरलेली असते, प्रार्थनेत तिचे नाव घेतलेले असते. म्हणून पुढचा रस्ता किती लांब आहे आणि मुली नेमक्या कुठे अडतात, हे या अंकात सविस्तर सांगावेसे वाटले.

पहिली गोष्ट म्हणजे कोणत्या वर्गाला शिकवायचे ते ठरवावे लागते. पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरचा दोन वर्षांचा डी.एल.एड. (आपण अजून डी.एड.च म्हणतो) चालतो, पण तिथे एकच शिक्षक सगळे विषय शिकवतो. इतिहास, नागरिकशास्त्र आणि भूगोल हे खास विषय म्हणून शिकवायचे तर सहावी ते आठवी किंवा नववी-दहावी, आणि त्यासाठी सरळ मार्ग म्हणजे पदवी आणि बी.एड. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी तीन प्रकारचे शिक्षक सांगितले आहेत: गणित-विज्ञानाचा, भाषेचा आणि सामाजिक शास्त्राचा. म्हणजे या विषयाचा शिक्षक कायद्यानेच हवा आहे.

बी.एड.ला जायला पदवीला 50 टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गाला 45. त्यानंतर राज्याची सीईटी: 100 प्रश्न, 90 मिनिटे, तीही संगणकावर. जिने बी.ए.चे सगळे पेपर हाताने लिहिले, तिला माऊस धरण्यापासून सराव लागतो. ही अडचण ऐकायला किरकोळ वाटते, पण परीक्षेच्या खोलीत ती किरकोळ नसते.

बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचे आहे, पूर्वी एकच वर्ष होते. त्यात बालमानसशास्त्र आहे, दोन विषयांच्या अध्यापन पद्धती आहेत, आणि सूक्ष्म अध्यापनापासून सराव पाठांपर्यंत सगळे आहे. शिवाय एकूण 20 आठवडे प्रत्यक्ष शाळेत जाऊन शिकवायचे असते. माझ्या मते खरे शिक्षण इथेच होते. आमची एक मुलगी इंग्रज-मराठा युद्धावर पाठ घेणार होती. टाचण पुस्तकावरून उतरवलेले, तारखाच तारखा. तिच्या मार्गदर्शक बाईंनी एवढेच विचारले, "असई कुठे आहे?" 23 सप्टेंबर 1803 रोजी वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांना जिथे हरवले, ते असई आपल्याच जालना जिल्ह्यात आहे. दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावर नकाशा काढला आणि मुलांकडून आपापल्या गावापासूनचे अंतर मोजून घेतले. वर्ग जागा झाला.

भिल्ल घरातून आलेल्या मुलीला आणखी एक गोष्ट या प्रशिक्षणात मिळते. 1857 म्हटले की मेरठ आणि झाशी आठवतात, पण त्याच काळात खानदेशाच्या बाजूला खाज्या नाईक आणि नगर-नाशिकच्या बाजूला भागोजी नाईक लढत होते. ही नावे वर्गात आपल्या तोंडून घेताना तिचा आवाज बदलतो, हे मी स्वतः ऐकले आहे.

बी.एड. झाले तरी नोकरी मिळत नाही, मिळते ती पात्रता. महाराष्ट्रात 2013 पासून शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, घेतली जाते. सहावी ते आठवीसाठी दुसरा पेपर: 150 गुण, अडीच तास. त्यात सामाजिक शास्त्राचे 60 गुण असतात, उरलेले 90 बालमानसशास्त्र आणि दोन भाषांचे. उत्तीर्ण व्हायला 60 टक्के, राखीव प्रवर्गाला 55 टक्के. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका, असे आम्ही मुलींना बजावतो. एकदा उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते.

आपल्या मिशन शाळांतले शिक्षक विचारतात, "हे आम्हालाही लागू आहे का?" 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मात्र न्यायालयाने मोठ्या खंडपीठाकडे विचारार्थ पाठवला. माझा सल्ला विचाराल तर खंडपीठाची वाट पाहत बसू नये, अभ्यासाला लागावे.

टीईटीनंतर येते टेट. नावे इतकी सारखी की पालक हमखास गोंधळतात. टेट म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, 200 प्रश्न, दोन तास. 2017 मध्ये पहिली झाली, त्यानंतरची थेट 2023 मध्ये, मग 2025 मध्ये. एक संधी हुकली तर पुढची कधी येईल याची खात्री नाही. दरम्यान मुलीचे लग्न ठरते. टेटच्या गुणांवर पवित्र पोर्टलवरून निवड होते, आणि निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक. 2023 पासून त्याचे मानधन प्राथमिकला 16,000 आणि माध्यमिकला 18,000 रुपये आहे.

आता सगळ्यात अवघड भाग. राखीव जागेवर प्रवेश किंवा नोकरी हवी तर जातीचा दाखला पुरत नाही, वैधता प्रमाणपत्र लागते, आणि ते अनुसूचित जमातींची तपासणी समिती देते. अनुसूचित जमातींचा आदेश 6 सप्टेंबर 1950 चा आहे, म्हणून त्याच्या आधीच्या कागदांना सर्वाधिक वजन. आजोबा-पणजोबांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, गावच्या जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीची नोंद, असे काहीतरी. आता विचार करा. ज्या घरात जमीन नव्हती, शाळेत पहिल्यांदा पाऊल ठेवले ते वडिलांनी, आणि सालदारी किंवा ऊसतोडीसाठी गाव बदलत राहिले, त्या घराने 1950 पूर्वीचा कागद आणायचा कुठून? त्यात जालना 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, त्यामुळे जुनी दप्तरे बरीचशी उर्दूत, काही मोडीत. वाचणारा शोधावा लागतो, त्याला पैसे द्यावे लागतात.

कागद कमी पडले की आप्तभाव चाचणी होते, म्हणजे जमातीच्या चालीरीती, कुलदैवत, बोलीचे प्रश्न. वसतिगृहात वाढलेली मुलगी यात गडबडते. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ही चाचणी एकमेव कसोटी धरता येणार नाही. त्यामुळे निदान दाद मागायला आधार मिळाला.

काही जण दबक्या आवाजात विचारतात, म्हणून लिहितो: अनुसूचित जमातीच्या आदेशात धर्माची अट नाही. ती अट अनुसूचित जातींच्या आदेशात आहे. दोन्हींची सरमिसळ करून कुणी मुलीला अर्ज भरण्यापासून परावृत्त करू नये.

आणखी एक फरक लक्षात असू द्या. नंदुरबार, पालघरसारख्या जिल्ह्यांतल्या अनुसूचित क्षेत्रात स्थानिक आदिवासींसाठी शिक्षकांसह 17 पदांची तरतूद 2014 मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने झाली. जालन्यात अनुसूचित क्षेत्रच नाही. इथे जमातींचे लोक एकूण लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास, वस्त्या विखुरलेल्या. त्यांच्या मुलींना सर्वसाधारण भरतीतल्या राखीव जागांवरच अवलंबून राहावे लागते.

तुम्ही विचारता, पैसे कशासाठी पाठवू? फीचा मोठा भाग केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून निघतो, पण रक्कम उशिरा येते आणि महाविद्यालय तोवर थांबत नाही. सीईटी, टीईटी, टेट यांचे परीक्षा शुल्क, संगणकाचा सराव, उर्दू कागदाचे भाषांतर, समितीच्या फेऱ्यांचे एसटी भाडे, यांना कुठलीही शिष्यवृत्ती नाही. मदत इथे लागते.

आणि एक विनंती, जिला पैसे लागत नाहीत. जालन्यात मिशनच्या शाळा एकोणिसाव्या शतकापासून आहेत. तुमच्या मंडळीच्या किंवा शाळेच्या कपाटात 1950 पूर्वीची हजेरीपत्रके, प्रवेश रजिस्टरे असतील, तर वाळवी लागली म्हणून रद्दीत घालू नका. पाळकसाहेबांना सांगून पानांचे फोटो काढून ठेवा आणि आम्हाला कळवा. नावाच्या पुढच्या रकान्यात 'भिल्ल' असा शब्द सापडला, तर ते पान कुणाच्या तरी नातीला उपयोगी पडेल.