वानखेडेची मॅच, खान्देशातून

मैदान : वानखेडे स्टेडियम, मुंबई. बांधकाम १९७४, पहिली कसोटी १९७५, विश्वचषकाचा अंतिम सामना २ एप्रिल २०११. आसनं सुमारे ३३ हजार.

पार्किंग : प्रेक्षकांच्या गाड्यांसाठी स्टेडियमवर जागा नाही. सामन्याच्या दिवशी आसपासच्या रस्त्यांवर गाडी लावायला पोलिसांची बंदी असते. त्यामुळे धुळ्याहून सुमारे सव्वातीनशे किलोमीटर गाडी चालवून आलात, तरी शेवटचा टप्पा लोकल किंवा मेट्रोचाच.

जळगावहून : मुंबई मुख्य मार्गावरचं जंक्शन, सीएसएमटी सुमारे ४२० किलोमीटर. दादरला उतरून पूल ओलांडायचा आणि पश्चिम रेल्वेची, स्टेडियमजवळच्या चर्चगेटची लोकल धरायची. सीएसएमटीपर्यंत गेलात तर भुयारी मेट्रो ३ आहे. चर्चगेट पुढच्या काही मिनिटांवर. हा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला.

धुळ्याहून : रेल्वेचा फाटा चाळीसगावला मुख्य मार्गाला मिळतो, अंतर ५६ किलोमीटर. एसटीने मुंबई सेंट्रलला उतरलात तर धिम्या लोकलने चर्चगेट चौथं स्टेशन. तिथून चालत साधारण दहा मिनिटं.

सामान : रात्रभर प्रवास करून आलेल्यांची खरी अडचण हीच. मोठी बॅग, पाण्याची बाटली, घरून बांधून आणलेली भाकरी-चटणी, यातलं काही आत नेता येत नाही. बॅग स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवावी. मात्र चेनला कुलूप हवं आणि प्रवासाचं तिकीट जवळ हवं.

परती : साडेसातला सुरू झालेला टी-२० सामना अकराच्या पुढे संपतो. शेवटच्या लोकलची वेळ आणि परतीचं आरक्षण आधीच पाहावं.